मिश्मिश गल्लीतला फानूस

१

सोमवारी इफ्तार आटोपून लोक चहाचे पेले घेऊन दारात आले, तेव्हा मिश्मिश गल्लीत दिव्यांची माळ या टोकापासून त्या टोकापर्यंत लागलेली होती. कागदी पताका हलत होत्या. मधोमध मात्र, जिथे रंगीत काचांचा मोठा फानूस, रमझानचा कंदील, असायचा, तिथे नुसतं आभाळ दिसत होतं.

"अरे, फानूस कुठाय?" कसाई बयूमी ओरडला, तशी सगळ्यांची तोंडं वर झाली.

उस्ता शुक्री सगळ्यांत शेवटी बाहेर आला. वय चौऱ्याहत्तर. उभी हयात कैरोच्या ट्रामच्या तारा जोडण्यात गेली, आणि ट्राम गेल्यावर गल्लीच्या रमझानच्या माळा जोडण्यात. अंगात नुकताच इस्त्री होऊन आलेला पांढरा, पायघोळ गल्लाबिया होता. त्याची कॉलर अजानच्या आधीपासून मानेला टोचत होती, आणि जेवता जेवता त्याने इस्त्रीवाल्या समआनच्या खळीला दोनदा शिव्या घातल्या होत्या.

तो मान खाजवत वर बघत राहिला. आधी माळेकडे, मग रिकाम्या जागेकडे, मग परत माळेकडे.

दोन वर्षं गल्लीला चोरांनी छळलं होतं. आधी बल्ब गेले, मग गेल्या साली अर्धी माळच कुणी कापून नेली. म्हणून यंदा किराणावाले हाजी मितवल्ली यांनी बंदोबस्त हातात घेतला. माळा तिसऱ्या मजल्यावर चढल्या. बटण हाजींच्या दुकानात, कुलपाच्या पेटीत. इफ्तारनंतर पहाटेच्या फज्रपर्यंत गल्लीच्या तोंडाशी खुर्ची टाकून पाळीपाळीने पहारा. आणि फानूसाच्या कानाला लोखंडी साखळी, तफीदाबाईंच्या खिडकीच्या गजाला कुलपाने जखडलेली.

साखळीला शुक्रीने विरोध केला होता. "पत्रा आहे तो, बैल नव्हे. एवढं लोखंड त्याच्या गळ्यात नको. यंदा जोडलेली माझी माळच राखण करते. एक दिवा काढला की सगळी माळ विझते, अख्खी गल्ली बोंबलत बाहेर येते."

"उस्ता, तुमच्या ट्रामही अशाच मोकळ्या सोडल्या होत्या," हाजी सगळ्यांसमोर म्हणाले होते. "एक तरी उरली का?"

गल्ली हसली होती. शुक्री त्या दिवसापासून हाजींच्या दुकानातून साखरसुद्धा घेत नव्हता.

आता साखळी गजाला लोंबत होती, आणि तिच्या कुलपात फानूसाचा पत्र्याचा कान तेवढा अडकून राहिला होता.

"ओरबाडून नेला हरामखोरानं!" बयूमी म्हणाला.

"अजान झाली, मी बटण दाबलं, वर बघितलं," हाजी म्हणाले. त्यांचा आवाज बसला होता. "लाल, हिरवा, पिवळा, निळा, चारही बाजूंनी पेटला. मग मी आत जाऊन जेवायला बसलो."

तेव्हा कुठे गल्लीच्या ध्यानात आलं. रात्रभराचा पहारा लावला, पण अजाननंतरचा अर्धा तास कुणी धरलाच नव्हता. त्या वेळी कैरोत रस्त्यावर कुत्रंसुद्धा नसतं, आणि पहारेकरीही घरी जेवत असतो.

फानूसाच्या दोरीचं एक टोक तफीदाबाईंच्या खिडकीला होतं, दुसरं समोरच्या गॅलरीला. तफीदाबाई इम्बाबाला लेकीकडे गेलेल्या, घराला कुलूप. समोरच्या गॅलरीत राहत होता निज़ार, सीरियातल्या हलबहून आलेला शामी.

नेमका तेव्हाच निज़ार गल्लीच्या तोंडातून आत आला. हातात रिकामी पिशवी.

"कुठे होतास?" बयूमीने विचारलं.

"बाहेर."

"अजानला कोण बाहेर असतं रे?"

निज़ारने वर पाहिलं, रिकामी जागा पाहिली, लोकांची तोंडं पाहिली. तो जिना चढून गेला.

"उद्या सकाळी याचं सामान बाहेर!" कुणीतरी म्हणालं, आणि सगळ्यांनी माना हलवल्या. घरमालक लांब राहायचा. भाडेकरू ठेवायचा की काढायचा ते तो हाजींच्या शब्दावर ठरवायचा.

"गुरुवारपर्यंत थांबा," हाजी म्हणाले. "गुरुवारी संध्याकाळी, मगरिबच्या आधी काय ते ठरवू."

"गुरुवारच का?" शुक्रीने विचारलं. महिन्याभरात तो हाजींशी पहिल्यांदा बोलत होता.

हाजी वळून दुकानात शिरले.

२

मंगळवारी सकाळी तफीदाबाई परतल्या. हाजींच्या दुकानातून किल्ली घेऊन त्या वर आल्या आणि खिडकीत येऊन रडल्या. मग शुक्रीला हाक मारली.

"माझ्या नवऱ्याच्या हातचं आहे ते, उस्ता. शोधून द्या. आणि त्या शामी पोराला कशाला घालवतात? त्याची बायको पोटुशी आहे. चार वर्षांत हे त्यांचं तिसरं घर."

"त्याने नेला नसेल कशावरून?"

"अहो, माझा सिलिंडर तोच वर आणून देतो. हात लावू देत नाही मला. चोरी करणारा माणूस सिलिंडर उचलतो होय फुकट?"

शुक्रीने साखळीतला पत्र्याचा कान हातात घेतला. ओरबाडलेला पत्रा फाटतो, वाकतो, त्याला दात येतात. हा कान एका बाजूने पातळ पातळ होत गेला होता आणि कड आरशासारखी चकाकत होती. तो ती कड अंगठ्याने चाचपत राहिला.

मग खिडकीतून वाकून त्याने माळ ओढून घेतली. जिथे फानूसाची वायर माळेला मिळत होती, तिथे आता दोन्ही टोकं एकमेकांना जोडून वर काळी पट्टी गुंडाळलेली होती. शुक्रीने नखाने पट्टी सोडवली. तारांना डावा पीळ होता. शेपूट उलटं दुमडलेलं. पट्टी शेवटाकडून आत गुंडाळत नेलेली.

त्याने चष्मा काढून खिशात ठेवला.

"काय दिसलं हो?"

"काही नाही. डोळे दुखतात हल्ली."

तफीदाबाईंनी डोळे पुसले. "आठवतं का तुम्हाला, तो केला ते साल? तुपाचे रिकामे डबे कापून महरूसने पत्रा काढला. आतल्या बाजूला अजून डब्यावरची गाय दिसते. निळी काच मितवल्लीने आणली होती, औषधवाल्याच्या फुटलेल्या दारातली. आणि तुम्ही! दोघांना या इथे बसवून वायर पिळायला शिकवत होतात. महरूसच्या बोटांना फोड आले, तरी तुमचं आपलं, चुकलं, परत कर."

"हो," शुक्री म्हणाला.

"तुम्ही तिघं किती हसत होतात. मी तीनदा चहा केला, तिन्हीदा गार झाला."

शुक्री खिडकीबाहेर बघत राहिला. समोरच्या गॅलरीत निज़ारची बायको रहफ़ कपडे काढून घेत होती. घड्या घालून ती ते कपाटात ठेवत नव्हती, पेटीत भरत होती.

३

"बसा उस्ता. खुर्ची बांधून झाली, पण पेटी आहे," निज़ार म्हणाला.

"सोमवारी अजानला कुठे होतास?"

"बाहेर."

"ते मी ऐकलं. बाहेर म्हणजे कुठे?"

"तुम्ही चांगले आहात, म्हणून सांगतो, विचारू नका."

तो पाण्याची बाटली भरायला खाली गेला, तशी रहफ़ पेटीवरून उठली. सातवा महिना होता, उठायला वेळ लागला.

"चौकात असतात ते," ती हळूच म्हणाली. "अजानला घरी पोचू न शकलेल्या ड्रायव्हरांना खजूर देतात, गाडीच्या खिडकीतून. आईच्या नावाने. त्यांना तिला माती देतासुद्धा आली नाही. बोलून दाखवलं की पुण्य देवापर्यंत पोचत नाही, लोकांच्या तोंडातच राहतं, असं म्हणतात."

"अगं पोरी, मग हे गल्लीत सांगायला हवं. सुटेल तो!"

मागे निज़ार उभा होता. बाटली दारात ठेवून तो म्हणाला, "आईच्या खजुरांवर मी साक्षीदार उभे करणार नाही. सांगाल तर उस्ता, तुमच्याशी पुन्हा बोलणार नाही."

"मग घालवतील तुला."

"घालवायच्या आधी गेलेलं बरं. गुरुवारी हातगाडी सांगितली आहे."

शुक्री जिना उतरला. निज़ारने फानूस नेला नाही हे त्याला कळलं होतं. कुणी नेला ते त्याला सकाळीच, त्या खिडकीत कळलं होतं, आणि ते खोटं ठरावं म्हणून तो दिवसभर हिंडत होता.

४

बुधवारी दुपारी तो समआनच्या दुकानात गेला. तफीदाबाईंच्या खिडकीच्या बरोबर खाली समआनचं इस्त्रीचं टेबल होतं, निम्मं आत, निम्मं गल्लीत.

"या उस्ता! झडतीला आलात? बयूमी म्हणतो, समआन कॉप्ट, ख्रिस्ती आहे, त्या वेळी तोच एकटा मोकळा. अहो, तुमच्या रमझानात मीही दिवसभर उपाशीच असतो, तुमच्या तोंडासमोर घास कोण गिळणार? माझ्या बायकोने मला चिडवून चिडवून हाजी नाव ठेवलंय."

"तुझी खळ फार टोचते. मानेवर ओरखडा आला बघ."

"खळ? तुमच्या गल्लाबियाला मी खळ घातलीच नाही! उन्हाळ्यात कुणाला खळ घालतो का मी?"

शुक्रीने बगलेतला गल्लाबिया टेबलावर ठेवला. धुवायला आणला होता. त्याने कॉलरच्या दुमडीतून बोट फिरवलं आणि झटक्यात मागे घेतलं. बोटाच्या टोकावर रक्ताचा थेंब होता. दुमडीत तांदळाच्या दाण्याएवढी काचेची कपची अडकली होती. त्याने ती उजेडात धरली.

निळी होती. औषधवाल्याच्या दाराची निळी.

"हा गल्लाबिया तू मला कधी आणून दिलास?"

"सोमवारी. अजानच्या चांगलं अर्धा तास आधी. तुम्ही लगेच अंगात घातलात, मी बघितलं की. मग तुम्ही मला ट्रामची पाऊण कहाणी ऐकवलीत, अजान झाली तेव्हा सुटलो."

"इस्त्री करताना काही ऐकलंस?"

समआनने इस्त्री उभी केली. "एकदा ठण् झालं. मी आत कपडे आणायला गेलो होतो. म्हटलं, कुणाचं पातेलं पडलं. त्या वेळी उपाशी बायकांच्या हातून पातेलीच पडतात."

"आणि वर बघितलं नाहीस?"

"दिवसभर मान खाली घालून इस्त्री करतो, वर कुठून बघू? पण सांगतो, रमझान माणसाला कसा नम्र करतो बघा. तुमच्याकडे यायला निघालो तर हाजी मितवल्ली स्वतः झाडू घेऊन गल्ली झाडत होते. एवढे मोठे हाजी! त्या भिंतीपासून माझ्या उंबऱ्यापर्यंत. वर पाणी मारलं."

शुक्रीने कपची रुमालात बांधली.

"उस्ता, चेहरा असा का झाला? चोर सापडला का?"

"चोर नाहीच, समआन," शुक्री म्हणाला. "चोर असता तर बरं झालं असतं."

५

गुरुवारी दिवस मावळायला पाऊण तास असताना तो हाजींच्या दुकानात शिरला. बाहेर निज़ारची हातगाडी लागली होती. तिच्यावर पेटी आणि खुर्ची चढली होती.

"साखर हवी?" हाजींनी विचारलं.

शुक्रीने रुमाल सोडून कपची काउंटरवर ठेवली. शेजारी काळी पट्टी आणि पत्र्याचा कान. हाजी बघत राहिले.

"ही काच माझ्या कॉलरीत होती," शुक्री म्हणाला. "कॉलर अजानच्या आधीपासून माझ्या गळ्यात. म्हणजे निळी काच अजानच्या आधी फुटली. आणि तुम्ही म्हणता, अजानला फानूस चारही रंगांत पेटला."

हाजींनी तांदळात मापटं खुपसलं, परत काढलं.

"दुसरं. फानूस निघाला तर माळ विझायला हवी. सोमवारी ती एकदाही विझली नाही, कुणाच्या ताटावरचा उजेड हलला नाही. म्हणजे तारा जोडल्या त्या बटण दाबायच्या आधी. ज्याने जोडल्या त्याला माळेची खोड ठाऊक होती, आणि तफीदाच्या घराची किल्ली त्याच्या हाताशी होती. हा कान बघा. कुणी ओरबाडला नाही. तुमच्या साखळीनेच तो महिनाभर वाऱ्यावर घासून कापला. मग फानूस सुटला, झोका घेऊन भिंतीवर आपटला."

"उस्ता..."

"हे सगळं मी नंतर जुळवलं. मला मंगळवारीच कळलं होतं. तारांना डावा पीळ होता. उजवा पीळ ट्रामच्या हादऱ्याने सुटतो, म्हणून आम्ही ट्रामवाले डावा द्यायचो. गल्लीत तो मी दोघांनाच शिकवला. एक बाब-अन-नस्रच्या कबरस्तानात झोपलाय."

हाजी मितवल्ली स्टुलावर बसले. मग वाकून त्यांनी तांदळाच्या पोत्यांमागून जुन्या चादरीत गुंडाळलेला फानूस काढला. कान नवा डाग देऊन बसवला होता. चौथ्या बाजूला फिकट निळं प्लास्टिक होतं.

"दहा कारागीर फिरलो," ते म्हणाले. "तशी निळी काच आता कुणाकडे नाही. कारागिराचा वायदा कालचा होता, फानूस मिळाला आज सकाळी. उद्या पहाटे लटकवणार होतो. लोक म्हणाले असते, चोराला देवाची भीती वाटली, आणून ठेवला."

"कोणत्या चोराला?"

हाजींनी चादरीची घडी घातली. बाहेर हातगाडीवर गादी टाकल्याचा आवाज झाला.

"फानूस परत आला असता, मितवल्ली. त्या पोराचं नाव आलं नसतं."

"मी गुरुवारपर्यंत थांबवलं ना लोकांना!"

"थांबवलंत. पण 'त्याने नेला नाही' एवढं एक वाक्य नाही बोललात."

हाजींचे डोळे भरले. "काच मीच आणली होती, शुक्री. औषधवाल्याने शिव्या दिल्या होत्या मला, आठवतं? आणि साखळीही मीच घातली. तू नको म्हणालास, मी तुझी टवाळी केली, सगळे हसले. भिंतीवर तो आपटला ना, तेव्हा पहिलं महरूस नाही आठवला मला. तू आठवलास. म्हटलं, आता हा आयुष्यभर सांगत सुटेल, मी म्हणालो होतो म्हणून."

"सांगणारच होतो," शुक्री म्हणाला. "चार दिवस सांगितलं असतं. मग साखर न्यायला आलो असतो."

हाजींना हसू येत होतं की रडू, त्यांनाच कळेना.

"काय करू आता?"

"अजानला अर्धा तास आहे. सगळी गल्ली हातगाडी बघायला दारात आली आहे. यापेक्षा चांगली वेळ मिळणार नाही तुम्हाला."

६

हाजी फानूस छातीशी धरून गल्लीच्या मधोमध उभे राहिले.  बयूमी आनंदाने ओरडला, "मिळाला! कुणाकडे होता?"

"माझ्याकडे."

मग त्यांनी सगळं सांगितलं. साखळी, भिंत, झाडू, किल्ली. काही लपवलं नाही, आणि शुक्रीचं म्हणणं खरं होतं, हेही सांगितलं. तफीदाबाई खिडकीत तोंडावर हात धरून ऐकत होत्या. समआनची इस्त्री हातातच राहिली. शेवटी हाजी निज़ारकडे वळले.

"बाळा, मी तुझ्या नावाला काळं लागू दिलं. तीन दिवस बघत बसलो. घरमालकाला आत्ता फोन करतो. सामान वर ने. माफ कर."

बयूमी जमिनीकडे बघत पुटपुटला, "मीपण बोललो जरा जास्त."

"जरा?" वरून तफीदाबाई गरजल्या.

निज़ारने सामानाची दोरी सोडली. मग हातगाडीवरची खुर्ची उतरवून त्याने रहफ़साठी दाराशी मांडली.

"ईदपर्यंत आहोत," तो म्हणाला. "पुढचं पुढे बघू."

तो वर गेला. हाजींनी अंगठ्याने दाबून ते फिकट प्लास्टिक काढून टाकलं. शुक्री वर तफीदाबाईंच्या खिडकीत चढला, त्याने सांधा सोडवून फानूस माळेला जोडला आणि नुसत्या दोरीवर सोडला. साखळी काढून खाली टाकली, ती हाजींच्या पायाशी पडली.

"रिकामी बाजू कुणीकडे करू?" त्याने वरून विचारलं.

"दुकानाकडे," हाजी म्हणाले. "मला दिसेल अशी."

शुक्री खाली आला, तेव्हा निज़ार भरलेली पिशवी घेऊन गल्लीबाहेर झपाझप चालला होता. लोक आपापल्या ताटांकडे पांगले होते.

"हा कुठे निघाला?" हाजींनी विचारलं.

"बाहेर."

"अजानला कोण बाहेर असतं?"

"जा ना, बघून या," शुक्री म्हणाला. "आणि रिकाम्या हाताने जाऊ नका. ती दुकानातली खजुरांची पेटी घ्या."

हाजी त्याच्याकडे बघत राहिले. मग पेटी खांद्यावर घेतली, बटणाच्या पेटीची किल्ली शुक्रीच्या हातात ठेवली आणि दुकान उघडंच टाकून, गल्लाबिया सावरत, निज़ारच्या मागे जवळजवळ धावत निघाले. त्यांना तो वेग धरता येत नव्हता, पण थांबलेही नाहीत.

अजान झाली. शुक्रीने बटण दाबलं. पहाऱ्याची खुर्ची ओढून तो गल्लीच्या मधोमध बसला, एक खजूर तोंडात टाकला आणि वर पाहिलं. ओसाड गल्लीत दारादारांतून चमच्यांचे आवाज येत होते. भिंतींवर लाल, हिरवा, पिवळा पडला होता. चौथ्या बाजूने साधा, बिनरंगी उजेड येत होता, थेट हाजींच्या उघड्या दुकानात, रिकाम्या स्टुलावर.